अ‍ॅपरल मर्चंडायझिंगला अ‍ॅडमिशन घेऊ का? घरचे शिलाई क्लास लाव म्हणायलेत

सेलूची_पोरगी:
बारावी सायन्स झाली, मॅथ्स होतं. अ‍ॅपरल मर्चंडायझिंगची डिग्री करायचीय पण घरी कुणाला कळंना की हे असतंय काय, पप्पा म्हणायलेत कपडेच शिवायचे तर सेलूतच क्लास लाव. मला ड्रॉइंग अजिबात येत नाही, हिशोब बरा येतो. चालंल का?

जालनेकर_तिरुपुरात:
ड्रॉइंग येत नाही ते बरंच हाय ताई. मी सहा वर्षं झाली निटवेअर (टी-शर्टसारखे विणलेल्या कापडाचे कपडे) एक्स्पोर्टमधी मर्चंडायझर हाय, म्हणजे बायर आन् फॅक्टरीच्या मधला माणूस, एकदा सुईत दोरा ओवला नाही. बायरचा (माल घेणाऱ्या कंपनीचा) टेक पॅक, म्हणजे कपड्याची मापं आन् सगळा तपशील, आला की कॉस्टिंग काढा, रंगाचं लॅब डिप (रंगवलेल्या कापडाचा नमुना) पाठवा, मग नमुन्याचे कपडे, पहिला प्रोटो, मग फिट, साइज सेट, शेवटी पीपी (प्री-प्रॉडक्शन) सॅम्पल, एकेकाचं अप्रूव्हल येईपर्यंत मेल करत बसा, पीपी पास झाल्याबिगर बल्क कटिंगला (सगळ्या ऑर्डरचं कापड कापायला) हात लावायचा नाही. शिपमेंटची तारीख ठरलेली असती, तिथून उलटं मोजत टीएनए कॅलेंडर, म्हणजे कोणतं काम कोणत्या तारखेला ते वेळापत्रक, लावायचं. डाईंगवाल्यानं उशीर केला तरी शिव्या आपल्यालाच.

हिशोबाचं म्हणालीस म्हणून सांगतो, एका टी-शर्टला कापड किती लागतं ते बघ. टी-शर्टची उंची 70 सेंमी, बाही 22, शिलाईची सूट 10, झाले 102. रुंदी 52, त्यात 4 सूट, 56. दोन्ही बाजू धरून 102 गुणिले 56 गुणिले 2, म्हणजे 11,424 चौरस सेंमी. कापड 180 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम, तर साधारण 206 ग्रॅम. वर 10 टक्के वेस्टेज, 226. यात 10 ग्रॅम चुकलं आन् ऑर्डर 50 हजार पीसची असली तर 500 किलो कापड गेलं, मग मालकापुढं उभं ऱ्हायचं.

नोकरी म्हणशील तर मराठवाड्यात जवळपास नाहीच, कापूस आपला पण शिवायला तिरुपूर नाहीतर बेंगळुरू. घर सोडायची तयारी ठेव.

औरंगपुऱ्यातून:
कॉलेज बघून घे ग. मी जिथं केलं त्याचं नाव घेत नाही, ब्रोशरवर मर्चंडायझिंग आन् तीन वर्षं नुसतं स्केचिंग आणि फॅशन शोची तयारी, कॉस्टिंग शीट पहिल्यांदा नोकरीत पाहिली. आधी सिलॅबस माग, आणि इंटर्नशिप फॅक्टरीत देतात का मॉलमधी ते विचार. फॅशन मर्चंडायझिंग लिहिलेलं असलं तर बऱ्याचदा ते शोरूमचं, रिटेलचं असतं. मॅथ्स हाय तर निफ्टच्या (फॅशन टेक्नॉलॉजीची सरकारी संस्था) बी.एफ.टेक.चा फॉर्म भरून टाक, गार्मेंट प्रॉडक्शनचा कोर्स हाय तो, तिथून मर्चंडायझिंगला जाता येतं.

सेलूची_पोरगी:
थँक्यू दोघांना. दादा तुमचं 226 ग्रॅमचं पप्पांना वाचून दाखवलं तर ते म्हणे मग एक क्विंटल कापसात किती शर्ट बसतेत?

जालनेकर_तिरुपुरात:
हाहा, खरे मर्चंडायझर पप्पाच! ढोबळ सांगतो. क्विंटलात रुई 34 किलोच्या आसपास, बाकी सरकी. कोम्ड सूत (आखूड तंतू विंचरून काढलेलं) करताना घट जाती, पुढं निटिंग-डाईंगला अजून थोडी, कापड हाती येतं 22 किलोच्या आगंमागं. म्हणजे शंभरेक शर्ट.

सेलूची_पोरगी:
सांगितलं. त्यांनी लगेच मोबाइलवर भागाकार केला, 7 हजारानं कापूस घातला म्हणजे एका शर्टाला 70 रुपये. आता म्हणायलेत, त्या दादाला विचार बायर एक शर्ट कितीला घेतो.