सिग्नलला उभी असताना गाडी थरथरते: माउंटिंग बदलू की आधी स्पार्क प्लग बघू?

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. गाडी २०१६ची सेकंडहँड हॅचबॅक, चार सिलिंडर, कंपनी फिटेड सीएनजी. रनिंग ९०,०००च्या पुढे.

हायवेला तक्रार नाही. पण नळ स्टॉपच्या सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी राहिली की स्टिअरिंग थरथरतं, डॅशबोर्ड खडखडतो आणि मागून आई विचारते, "बंद पडतेय का रे?" एसी लावला की जास्तच. आरपीएमचा काटा ८००च्या आसपास असतो, मधूनच खाली झुकतो आणि तेवढ्यात एक झटका बसतो.

गॅरेजवाला म्हणतो फाउंडेशन गेलंय, सगळी माउंटिंग (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार) बदला. पण पेट्रोलवर टाकली की थरथर निम्म्यावर येते! टाकीत काय आहे हे रबराला कसं कळणार? एअर फिल्टर नवा आहे, थ्रॉटल बॉडी साफ करून झालीय. प्लग कधी बदललेत याची नोंद नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही, तरी स्कॅनरमध्ये काही दिसेल का?

प्रतिसाद:
दिसू शकतं. दिवा लागण्याआधी पेंडिंग कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला, अजून पक्का न झालेला बिघाड) येऊन बसतो, आधी तो बघा. तुमची शंका रास्त आहे. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे दमलेला प्लग किंवा त्याला ठिणगीची वीज पुरवणारी कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि सीएनजीवर उघडी पडते.

समजा पी०३०२ आला, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, त्यात इंधन नीट पेटत नाहीये. त्याची कॉइल तीनवर लावा, कोड पुसा आणि सीएनजीवरच फिरवा. पी०३०३ झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर प्लग काढा. पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी उभी रेघ असेल, तर स्पार्क बाहेरूनच पळतोय. मग चारही प्लग बदला, गॅप (प्लगच्या टोकांमधलं अंतर) मॅन्युअलप्रमाणे.

इंजिन चालू-बंद करताना धक्का बसत असेल, क्लच सोडताना इंजिन उडी मारत असेल, तरच माउंटिंगवर खर्च करा.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा! कोड पी०३०२च निघाला. कॉइल हलवली तरी दोनवरच आहे. प्लगवर रेघ आहे, शिवाय प्लगच्या विहिरीत ऑइल साचलंय. टॅपेट कव्हरचं (इंजिनवरच्या झाकणाचं) गॅस्केट गळत असावं. ते प्लगबरोबरच बदलून घेऊ ना? आणि ऑइल लागलेल्या त्या कॉइलचं रबरी बूट पुसून चालेल की नवंच टाकू?