केअरगिव्हर कोर्स : मदत हवी आहे (शुक्रवारपर्यंत पैसे भरायचे आहेत)

सोपारकर :
नमस्कार. बहिणीच्या लेकराला केअरगिव्हरच्या कोर्सला घालायचं आहे. दादरला एक क्लास बघितला. सहा महिने, ४५ हजार, नोकरीची हमी. शुक्रवारपर्यंत १० हजार भरले तर सीट राहते म्हणे. भरू का नको, एवढंच सांगा. ज्यांना माहीत आहे त्यांनीच लिहा, वेळ कमी आहे.

शुभदा क :
'केअरगिव्हर' नावाखाली दहा प्रकार खपवतात हो. शिक्षण किती? वय? राहायला कुठे? आजारी माणसाचं करायचंय, म्हातारी माणसं सांभाळायचीत, की विशेष मुलांसोबत काम? आणि सर्टिफिकेट देणार कोण?

सोपारकर :
बारावी झाली आहे. सर्टिफिकेट सरकारमान्य आहे, पत्रकावर तसं छापलंय.

तळटीप :
उद्यम नोंदणी केलेला पापडवालाही 'सरकारमान्य' छापतो. पत्रकावर कौन्सिलचं नाव आहे का ते बघा. रुग्णांची शुश्रूषा करायची असेल तर कोर्सचं रीतसर नाव 'जनरल ड्युटी असिस्टंट', आणि त्यामागे हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिल असते. घरी जाऊन काम करायचं तर 'होम हेल्थ एड'. या सगळ्यांच्या वर २०१८ साली स्थापन झालेली एनसीव्हीईटी ही व्यवसाय शिक्षण-प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद आहे. क्लासवाल्याला दोन गोष्टी विचारा : परीक्षा कोण घेतं, आणि निकाल स्किल इंडियाच्या पोर्टलवर दिसतो का. तो पोर्टलऐवजी स्वतःचं बोधचिन्ह दाखवायला लागला की उठा.

आणि एक. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत (२०१५ पासून आहे) अशा कोर्सची बॅच लागली तर फी लागत नाही. ४५ हजार देण्याआधी आसपासच्या केंद्रांत तेवढी चौकशी करा.

नाना डोंबिवली :
कोर्स कशाला? सरळ ब्युरोत, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत, नाव घाला. माझ्या सासऱ्यांकडे दीड वर्ष ब्युरोची बाई होती, सर्टिफिकेट वगैरे काही नव्हतं, पण काम एक नंबर. हाताला सवय लागली की झालं. ४५ हजार त्या मुलीच्या नावाने बँकेत ठेवा.

शुभदा क :
नाना, सवय चुकीचीही लागते. मी महापालिकेच्या रुग्णालयात मेडिकल वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त. घरून आलेले पेशंट बघायचो. माकडहाडाला आणि टाचांना जखमा, कारण दर दोन तासांनी कूस बदलायची हे कुणी सांगितलेलंच नसायचं. लघवीची पिशवी पेशंटच्या पोटावर ठेवून स्ट्रेचर ढकलणारे पाहिलेत. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी जाते आणि दोन दिवसांत ताप. नळीने भरवताना डोक्याकडची बाजू वर, भरवून झाल्यावरही अर्धा तास तशीच. माणूस वर सरकवायचा तर खाली आडवी चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचा. काखेत हात घालून ओढलं की त्याचा खांदा जातो आणि तुमची कंबर. हे कुणी तरी समोर उभं राहून, हात धरून शिकवावं लागतं.

म्हणून सोपारकर, क्लासला एकच विचारा : प्रॅक्टिकल पुतळ्यावर का पेशंटवर? कोणतं हॉस्पिटल, किती आठवडे, तिथली सिस्टर सही करते का?

नाना डोंबिवली :
सगळ्याच ब्युरोच्या बाया काही अडाणी नसतात मॅडम.

शुभदा क :
बायांना मी काही म्हटलंच नाही. त्यांना न शिकवता आठ दिवसांत घराघरांत पाठवणाऱ्याला म्हणतेय. घरच्यांकडून एक आकडा घ्यायचा, बाईच्या हातावर दुसराच ठेवायचा.

अनुस्वार :
इतक्या लवकर मुलीला मळमूत्र काढायच्या कामाला कशाला जुंपता? समाजकार्यात पदवी घेऊ द्या. चर्चगेटला निर्मला निकेतन आहे (१९५५), बारावीनंतर बीएसडब्ल्यू होतं. मग देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था, १९३६ची, तिथे एमए. हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर म्हणून मानाने बसेल.

रंजना ठाणे :
'मळमूत्र काढायचं काम' हे वाक्य जरा पुन्हा वाचून बघा. मी विशेष मुलांच्या शाळेत आहे. आमच्याकडे सोळा वर्षांच्या मुलाचा डायपर ताई बदलतात तेव्हा आम्ही वर्गशिक्षिका बाजूला उभ्या राहून त्यांच्याकडून शिकतो. आणि समाजकार्याची पदवी हे वेगळं काम आहे, फाइल, समुपदेशन, योजना मिळवून देणं. दोन्ही हवंच, पण विचारलंय ते दुसरं.

सोपारकर, विशेष मुलांकडे ओढा असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता बघा, परिषदेचा कायदा १९९२चा आहे. परिषदेचा केअरगिव्हिंगचा प्रमाणपत्र कोर्सही असतो. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे. त्यांचं मुख्य काम श्रवणदोषाचं, पण मान्यता असलेल्या जागांची माहिती तिथे नीट मिळेल.

परदेशी पाटील :
एवढ्याशा पगारासाठी कशाला? यूकेला पाठवा, केअर होममध्ये माणसं पाहिजेतच. आमच्या गावचे तिघं गेलेत.

तळटीप :
गेले असतील, आता जाता येणार नाही. २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन केअर वर्कर घेणं यूकेने बंद केलंय. त्याआधी मार्च २०२४ पासून बायकामुलांना नेणंही बंद. कुणी एजंट 'यूके केअर व्हिसा'चे पैसे मागत असेल तर धाग्यावरच्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवा.

परदेशी पाटील :
बरं मग जपान. 'काइगो' म्हणतात तिथे, म्हणजे म्हाताऱ्यांची सेवा. एप्रिल २०१९ पासून स्पेसिफाइड स्किल्ड वर्करचा व्हिसा आहे, पदवी लागत नाही. जपानी भाषा मात्र एन-४ पातळीची यावी लागते, आणि काइगोच्या वेगळ्या परीक्षा.

सोपारकर :
जपान वगैरे नको, नालासोपाऱ्याहून दादरला जाणंच मुश्कील आहे. आणि मुलगी मुलगी काय लावलंय सगळ्यांनी? भाचा आहे.

शुभदा क :
अहो, हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! मी एएनएम हा नर्सिंगचा कोर्स सुचवणार होते, दोन वर्षांचा, बारावी आर्ट्सवाल्यांनाही चालतं. पण ते फक्त मुलींना. मुलगा असेल तर जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षं, तेही मुलांना घेणारी शाळा शोधून.

खटपट्या :
मुलगा असेल तर फार चांगलं. माझ्या वडिलांना पक्षाघात झालाय, वजन ८२ किलो, मुलुंडला असतात. बाई ठेवली तर त्यांनाच लाज वाटते, आंघोळच करून घेत नाहीत. रात्रीच्या बारा तासांसाठी पुरुष माणूस मिळतच नाही. भाचा कधीपासून येऊ शकेल?

तळटीप :
खटपट्या, पोरगा अजून कोर्सला लागायचा आहे.

खटपट्या :
म्हणून तर आधीच विचारून ठेवतोय.

नाना डोंबिवली :
बघा, मी काय म्हणत होतो. मागणी आहे. नालासोपारा ते मुलुंड, दादरला उतरून फास्ट बदलायची. किंवा वसईहून दिव्याची मेमू, मग दिव्याहून स्लो. पण तिला फेऱ्या फारच कमी.

अनुस्वार :
मेमूच्या भरवशावर राहू नका, ती चुकली की बसा स्टेशनात.

शुभदा क :
धागा रेल्वेचा नाही. सोपारकर, भाच्याचं वय सांगा. आणि हे त्याला करायचंय की तुम्हाला?

सोपारकर :
ऑक्टोबरमध्ये १८ पूर्ण होतील. त्यालाच करायचंय. दोन वर्षं आजोबांचं सगळं त्यानेच केलं, बहीण कामाला जायची. आजोबा फेब्रुवारीत गेले. तेव्हापासून हेच म्हणतोय. आता कॉलेजला नाव घालून वर्ष घालवण्यात अर्थ नाही, घरात कमावता माणूस एकच.

शुभदा क :
मग तो अर्धा शिकलेला आहे. १८च्या आत त्याला घरी ड्युटीवर कुणीही शहाणी एजन्सी पाठवणार नाही, त्यामुळे शुक्रवारची घाई क्लासला आहे, तुम्हाला नाही. या महिन्यांत हिपॅटायटिस बीची लस सुरू करा, तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. पोलीस पडताळणीचे कागद काढून ठेवा, नंतर सगळीकडे मागतात.

तळटीप :
अकरावी-बारावीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमात 'चाइल्ड, ओल्ड एज अँड हेल्थ केअर सर्व्हिसेस' असा विषयगट होता. तो घेतला असता तर आत्ता हातात सर्टिफिकेट असतं.

सोपारकर :
बारावी झालीये हो. आर्ट्समधून.

रंजना ठाणे :
झालेल्या बारावीला आता काय करणार ते. ज्याला कमवत शिकायचंय त्याने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या रुग्णसहायक कोर्सची चौकशी करावी. जवळचं अभ्यासकेंद्र कुठलं आणि तिथे प्रॅक्टिकल कोण घेतं, ते मात्र स्वतः जाऊन बघावं.

सोपारकर :
क्लासला फोन केला. हॉस्पिटल कुठलं विचारलं तर 'टायअप आहेत' म्हणाले, नाव सांगेनात. परीक्षा कोण घेतं विचारलं तर 'आमचीच फॅकल्टी'. पोर्टलचं विचारल्यावर मॅडम मीटिंगमध्ये गेल्या. नाही भरत पैसे. नोकरीची हमी लेखी द्या म्हटलं तर म्हणे आमच्यावर विश्वास नाही का.

नाना डोंबिवली :
दहा हजार वाचले. एखादा चहा पाजा आता.

सोपारकर :
जीएनएमला किती टक्के लागतात? बारावीला ४७ आहेत.

शुभदा क :
टक्के पण आत्ता सांगताय! ४० लागतात, कुठलीही शाखा चालते, सायन्सला प्राधान्य. बारावीला इंग्रजी विषय होता ना, आणि त्यात किती आहेत? इंग्रजीचीही अट असते.

सोपारकर :
पास आहे. ३६.

शुभदा क :
इंग्रजीतही वेगळे ४० मागतात का, ते शाळेत आधी विचारून घ्या. आणि तीन वर्षं घरात पगार येणार नाही, ते बहिणीशी आधी बोला. ते जमत नसेल तर मान्यता असलेल्या केंद्रात जनरल ड्युटी असिस्टंट करू दे, नोकरी करत करत जीएनएमचे फॉर्म पुढच्या वर्षी भरा. वयाची अडचण येणार नाही, ३५ पर्यंत घेतात.

खटपट्या :
सोपारकर, व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय. ऑक्टोबरनंतरचं बघा.