मदत हवी आहे: नोकरी कोलंबसमध्ये, घर फिनिक्स सिटीत?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याला जॉर्जियातल्या कोलंबसला नोकरी लागली आहे. घर मात्र चॅटाहूची नदीपलीकडे, अलाबामातल्या फिनिक्स सिटीत घ्यावं असं आमच्या मनात आहे. कोलंबसची वस्ती दोन लाखांवर, फिनिक्स सिटीची जेमतेम चाळीस हजार. मध्ये फक्त पूल, पण पुलापलीकडे राज्य बदलतं!

अलाबामात प्रॉपर्टी टॅक्स बराच कमी आहे. पण पगार जॉर्जियात आणि राहणं अलाबामात म्हटल्यावर दोन्ही राज्यांत रिटर्न भरावा लागणार. जॉर्जियात भरलेल्या टॅक्सचं अलाबामा क्रेडिट देतं, म्हणजे तेवढा टॅक्स वजा करतं, हे वाचलंय. प्रत्यक्षात कितपत कटकट होते? दरवर्षी सीए लागतोच का?

दुसरं म्हणजे घड्याळ. कागदोपत्री अलाबामा सेंट्रल टाइममध्ये, पण फिनिक्स सिटी कोलंबसच्या वेळेने, म्हणजे तासभर पुढच्या ईस्टर्न टाइमनेच चालते म्हणे. मग शाळा, डॉक्टर, बँक सगळं ईस्टर्नच धरायचं ना? आणि फोन मध्येच तासभर मागे जातो का?

सासूबाईंनी जुन्या बातम्या वाचून धसका घेतलाय. एकेकाळी जुगारअड्ड्यांसाठी हे गाव बदनाम होतं. 1954 मध्ये ॲटर्नी जनरलपदाचे उमेदवार अल्बर्ट पॅटरसन यांचा इथे खून झाला आणि मार्शल लॉ लागला. त्याला सत्तर वर्षं उलटली, हे त्यांना कोण समजावणार! आता तिथली धरणं फोडून नदीत राफ्टिंग चालतं.

तिथे राहिलेलं कुणी असेल तर मुलांच्या शाळांबद्दल आणि सकाळच्या पुलावरच्या ट्रॅफिकबद्दल जरूर सांगा. इंडियन किराणा कोलंबसमध्ये मिळतो की अटलांटा गाठावं लागतं?