मदत हवी आहे: हायड्रोजनचा पीक (आलेखातला उंचवटा) दिसतच नाही!

रत्नांग्रीचा_पोर: एमएस्सीचा प्रोजेक्ट, २० तारखेला सबमिशन. सच्छिद्र सॅम्पलवर हायड्रोजन सोडून एफटीआयआर (इन्फ्रारेड म्हणजे आयआर प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) काढतोय. ४१५० सेमी⁻¹च्या आसपास काहीतरी यायला हवं ना? सपाट रेघ. तीनदा काढलं. मशीन ठीक आहे. लवकर सांगा.

जुनी_खिडकी: सॅम्पल कुठलं? तापमान? गॅस सेल (गॅस भरायची बंद डबी) आहे की केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) टिकली?

माडाखाली: करवंटीचा कोळसा घे. केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लावून तापवला की झकास. ७७ केल्विनला (उणे १९६ अंश सेल्सिअस, लिक्विड नायट्रोजनचं तापमान) ग्रॅममागे दर ५०० चौ.मी. पृष्ठभागाला वजनाच्या साधारण १ टक्का हायड्रोजन बसतो.

जुनी_खिडकी: कोळसा काळा, आयआर सगळा गिळतो. आणि साठवण त्याने विचारलीय कुठे?

माडाखाली: मग प्रोजेक्टचा उपयोग काय?

अलिबागवाली: सिलिंडर बंद खोलीत ठेवू नकोस बाबा. हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो, ज्योतही नीट दिसत नाही.

रत्नांग्रीचा_पोर: ताई, सिलिंडर बाहेरच आहे. सॅम्पल एमओएफ-५ (धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी). तापमान नेहमीचंच. गॅस सोडला, मग टिकली केली.

जुनी_खिडकी: अरे देवा. हे आधी सांगायचं! मोकळ्या हायड्रोजनला द्विध्रुव (एक टोक धन, एक ऋण) नाही, आयआरला तो दिसतच नाही. छिद्राच्या भिंतीला चिकटला की थोडा ओढला जातो, तेव्हा कुठे अंधूक पीक येतो, ४१६१च्या जरा खाली. पण चिकटतो मोलमागे जेमतेम ५ किलोज्यूलने. टिकली दाबेपर्यंत केव्हाच उडाला. गॅस सेलमध्ये, ७७ केल्विनला बघ. आणि एमओएफ-५ या पावसात उघडं ठेवलंस? दमटपणाने मोडतं ते. ३४००ला पाण्याची रुंद टेकडी आहे का?

रत्नांग्रीचा_पोर: टेकडी कसली, डोंगर आहे. मला वाटलं केबीआरला पाणी सुटलंय.

जुनी_खिडकी: तेही असेल. आधी एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची तपासणी) काढ.

सावंतवाडी_एक: रामन (विखुरलेल्या प्रकाशाचं मोजमाप) वापर ना. त्यात मोकळा हायड्रोजनही दिसतो.

जुनी_खिडकी: म्हणूनच पंचाईत. चिकटलेला वेगळा ओळखायला गारवा लागणारच.

रत्नांग्रीचा_पोर: लिक्विड नायट्रोजन इथे कोण देणार?

अलिबागवाली: गुरांच्या दवाखान्यात विचार. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात.

माडाखाली: हे मात्र बरोबर. पण करवंटीचं बघच एकदा.

रत्नांग्रीचा_पोर: विचारलं! शुक्रवारी कॅन भरून येतो, तेव्हा ये म्हणाले डॉक्टर. थर्मासचं झाकण घट्ट लावू नकोस, फुटेल, असंही बजावलं. आता गार करता येणारा सेल कुणाकडे आहे?