रॉक गाण्यांत वेदांत कशाला शोधता?

गोदाकाठचा गिटारवाला
काल कॉलेज रोडच्या कट्ट्यावर पुन्हा तेच. बीटल्स या इंग्लिश रॉक बँडचं 'द इनर लाइट' लागलं आणि एकाने जाहीर करून टाकलं, "हे तर शुद्ध अद्वैत!" अरे बाबा, ते शब्द 'ताओ ते चिंग' या जुन्या चिनी ग्रंथाच्या ४७व्या प्रकरणातून जवळपास उचललेत. घराबाहेर पाऊल न टाकता जग जाणता येतं, हे लाओ त्झूचं म्हणणं. आपलं काय असेल तर ती वाद्यं. जानेवारी १९६८मध्ये बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने मुंबईत भारतीय वादकांकडून वाजवून घेतली.

त्यांच्याच 'टुमॉरो नेव्हर नोज'चं (१९६६) तेच. बँडमधल्या जॉन लेननने वाचलं होतं टिमथी लिअरी आणि मंडळींचं एलएसडी या नशेच्या पदार्थावरचं पुस्तक, आणि ते बेतलेलं तिबेटी मृत्युग्रंथावर. आपण मात्र सरळ मांडूक्य उपनिषद काढून बसतो. गीतकाराने काय वाचलं होतं ते आधी बघा, मग अर्थ लावा.

पंचवटीकर
आणि ते ताओचं प्रकरण हॅरिसनला सुचवलं कोणी? केंब्रिजच्या ह्वान मास्कारोंनी. संस्कृतचे अभ्यासक, गीतेचे आणि उपनिषदांचे इंग्रजी अनुवादक. मग कट्ट्यावरच्या त्या पोराला वेदांत ऐकू आला तर एवढं काय बिघडलं? कीर्तनात बुवा एका अभंगावर दोन तास निरूपण करतात. तुकोबांनी हे सगळं मनात धरलं होतं का, असं मागच्या रांगेतून कुणी विचारतं?

गोदाकाठचा गिटारवाला
गीतेचा अनुवादक असून त्यांनी गीता नाही, ताओ सुचवला! फरक त्यांनाही कळत होताच की. आणि बुवांना परंपरेचा धाक असतो. कट्ट्यावर कसला?

सिडकोचा श्रोता
दोघंही फार गंभीर झालात. लेननच्या जुन्या शाळेत मास्तर बीटल्सच्या गाण्यांचे अर्थ लावायला देतात, असं त्याला कळलं. मग त्याने 'आय ॲम द वॉलरस'मध्ये (१९६७) मुद्दाम बिनअर्थाच्या ओळी घुसवल्या. लावा म्हणाला आता अर्थ! त्यात 'हरे कृष्ण' गाणारा पेंग्विनही आहे. त्याचं निरूपण कोण करणार? पंचवटीकर?

गोदाकाठचा गिटारवाला
घ्या. भाविक माणूस ती ओळ ऐकून हात जोडेल. प्रत्यक्षात लेनन हरे कृष्णवाल्यांची टवाळी करत होता, आणि पुढे मुलाखतीत त्याने ते कबूलही केलं. म्हणून म्हणतो, आधी चौकशी करा.

पंचवटीकर
टवाळी का होईना, नाव तर घेतलं? अजामिळाने मरताना 'नारायणा' म्हणून हाक मारली ती पोटच्या पोराला. देव त्याच्या मनातही नव्हता. तरी तरलाच ना!

गोदाकाठचा गिटारवाला
तरला, मान्य. पण त्याला सोडवायला विष्णुदूत आले होते, कट्ट्यावरचे श्रोते नव्हे.