हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनो, बैठक बंद असताना मन कसं सावरताय? सल्ला हवा आहे

पेटीवाली, डोंबिवली
१६ मे २०२०, रात्री ९.४०

आज नववा शनिवार. १४ मार्चला आमची शेवटची बैठक झाली. निघताना कुणाच्या मनातही आलं नाही की पुढच्या शनिवारी भेटणार नाही.

आम्ही सहा जण. कुणीही व्यावसायिक गायक नाही. मी बँकेत आहे, पेटी वाजवते. एक शाळेत शिक्षिका, एकाचं औषधांचं दुकान, दोघे नोकरदार. आणि आमचे काका, वय ७१, सगळ्यात सुरेल. तबल्याला एक मुलगा यायचा. तो शिकवण्या आणि साथ यांवरच जगतो, त्याला आम्ही दर बैठकीला मानधन द्यायचो. अकरा वर्षं शनिवार चुकला नव्हता.

करोनाच्या लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर प्रयत्न केला. तबला एकीकडे, मी दुसरीकडे, काही जुळेना. तंबोरा तर मधेच गायब व्हायचा. शेवटी सगळे गप्प बसलो आणि तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला. त्यानंतर परत कुणी विषयच काढला नाही.

बँक चालूच आहे, रोज जाते. घरी आल्यावर आंघोळ, कपडे भिजवणं, मग जेवण. पेटी समोर दिसते, पण झाकण काढावंसं वाटत नाही. परवा काढलं तर मंद्रातला कोमल नी उमटेचना. मी झाकण लावून टाकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. एवढ्याशा गोष्टीला कुणी रडतं का, पण रडले.

काका एकटे राहतात. त्यांच्याकडे साधा फोन आहे, व्हिडिओ वगैरे नाही. मागच्या आठवड्यात म्हणाले, "अगं, आवाज लावूनच बघितला नाही महिनाभर."

तुम्ही काय करताय? वाद्याचं, रियाजाचं, एकत्र वाजवण्याचं, काहीही सांगा.

मध्यलय, पुणे
१६ मे, रात्री १०.५५

व्हिडिओ कॉलवर जुळलं नाही यात तुमच्यापैकी कुणाचीच चूक नाही, हे आधी मनातून काढा. हे जुळणारच नव्हतं.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तबला दहा मीटरवर असेल तर ठेका तुमच्या कानावर पडायला तीसेक मिलिसेकंद लागतात. तेवढं माणूस सांभाळून घेतो. त्यापुढे मात्र तुम्ही त्याची वाट बघता, तो तुमची बघतो आणि लय मंदावत जाते. व्हिडिओ कॉलमध्ये हा उशीर सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे तबलजी पन्नास-साठ मीटरवर, रस्त्यापलीकडच्या गच्चीवर बसल्यासारखा.

तंबोऱ्याचं कारण वेगळं आहे. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर, असं ते ॲप धरून चालतं आणि कापून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलंत की हे बरंचसं थांबतं. जॅमुलस म्हणून एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात उशीर पुष्कळ कमी होतो. पण त्याला तारेचं इंटरनेट आणि तारेचेच हेडफोन लागतात, आणि सगळे एकाच शहरात असलेले बरे. तुमच्याकडे तेवढी जुळवाजुळव होणार असेल तरच त्यात पडा.

आम्ही चौघे जे करतोय ते सांगतो. एकत्र वाजवायचा हट्टच सोडला. एक जण वाजवून पाठवतो, दुसरा ते कानात ऐकत त्यावर आपलं वाजवतो, तिसरा त्यावर. अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी:

तबला आधी रेकॉर्ड करायचा, पण नुसता मेट्रोनोम लावून नाही. आमच्या तबलजीला आम्ही सांगितलं, बंदिश मनात म्हणत वाजव. पहिल्या दिवशी त्याने घड्याळासारखा ठेका पाठवला, त्यावर गाताना जीव गुदमरला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः गुणगुणत वाजवत होता. समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येताना जी किंचित ओढ लागते ती त्यात आली आणि गाणारीला जागा सापडली. सुरुवातीला एक मोकळं आवर्तन टाळीवर मोजायचं, म्हणजे नंतर सगळ्यांचे आवाज एकमेकांवर ठेवताना टाळी टाळीवर बसवता येते. पट्टी आधी ठरवा आणि सगळ्यांनी एकाच ॲपचा तंबोरा घ्या. फोन पेटीच्या अगदी जवळ नको, भात्याचा आवाज येतो. हात-दोन हात लांब, उशीवर ठेवा.

चार मिनिटांच्या यमनला आम्हाला नऊ दिवस लागले. पण त्या नऊ दिवसांत रोज कुणाचं तरी काहीतरी येत होतं, आणि रात्री झोपताना ते ऐकायला मिळत होतं. मला त्याचीच गरज होती, हे नंतर कळलं.

खरज, नाशिक
१७ मे, सकाळी ७.१५

पेटीवाली ताई, झाकण लावून टाकलंत ते वाचून गलबलून आलं. माझ्या तंबोऱ्याला सव्वा महिना गवसणी होती. दोन मुलं घरात, नवऱ्याचं काम बैठकीच्या खोलीत, कामाला येणाऱ्या मावशी बंद. दिवसभरात माझी अशी अर्धी जागा घरात उरली नव्हती.

मी सकाळी साडेपाचला उठून फक्त सा लावते. मध्य सा, मग मंद्र पंचमापर्यंत खाली, परत वर. दहा मिनिटं. ताना नाहीत, राग नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसते, कारण तिथेच दार लावता येतं. शेजारच्या आजींना त्रास होईल म्हणून आधी विचारून घेतलं, तर त्या म्हणाल्या, "लाव गं, मला उठल्यावर माणसाचा आवाज ऐकू येतो."

ज्या दिवशी दहा मिनिटंही होणार नाहीत, त्या दिवशी ऐका. नवीन काही शोधू नका. एकच रेकॉर्ड आठवडाभर ऐका.

एकताल, ठाणे
१७ मे, सकाळी ११.०५

माझं मत थोडं वेगळं आहे. उद्यापासून लॉकडाऊनचा पुढचा टप्पा. हे असं किती दिवस चालणार? तीन-चार जण एकाच इमारतीतले असतील तर गच्चीवर सहा-सहा फुटांवर बसून, दार लावून, तासभर गायला काय हरकत आहे? माणसं मनाने खचून जातायत, त्याचाही विचार करायला हवा.

दूरदेशी, सिॲटल
१७ मे, रात्री ११.३०

एकताल, तुमची तळमळ समजते, तरी कळकळीने सांगते, असं करू नका.

मी इथल्या एका हौशी समूहगान मंडळात गाते. आमच्यापासून गाडीने तासाभरावर स्कॅजिट व्हॅली नावाचा भाग आहे, तिथेही असंच हौशी मंडळ आहे. १० मार्चला त्यांची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण होते. हात धुवायची बाटली दाराशी होती, कुणी मिठ्या मारल्या नाहीत. त्यांपैकी ५३ जण आजारी पडले आणि दोघे गेले. गेल्या मंगळवारी, १२ मेला, इथल्या रोगनियंत्रण केंद्राने त्याचा अहवाल काढला. लक्षणं असलेली एकच व्यक्ती तालमीला आली होती. गाताना आपण खोल श्वास घेतो आणि जोराने सोडतो, तेच नडलं असावं असं त्यात म्हटलंय.

उघड्या गच्चीवर धोका कमी असेल, मान्य. पण जमलेल्यांत एक ७१ वर्षांचे काका असले तर?

आमची तालीमही मार्चपासून बंद आहे. आम्ही दर बुधवारी ठरलेल्या वेळी कॉलवर येतो, निर्देशक एकटे पियानोवर असतात आणि आम्ही आपापले माइक बंद करून घरात गातो. एकमेकांचा आवाज येत नाही. पण समोर बावीस तोंडं एकाच शब्दाला उघडताना दिसतात.

एकताल, ठाणे
१८ मे, सकाळी ८.२०

हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. आमच्या इमारतीतल्या दोघांना काल मीच गच्चीवर बोलावलं होतं, त्यांना आत्ता फोन करून नको म्हणून सांगितलं.

जवारी, सांगली
१८ मे, दुपारी २.४५

तुमच्या कोमल नीबद्दल बोलतो. रीड बिघडलेली नसणार, धूळ अडकली असेल. वरची फळी काढा, त्या स्वराची रीड शोधा. साध्या कागदाची पातळ पट्टी रीडच्या पितळी जिभेखालून हलक्या हाताने सरकवा आणि बाहेर काढा. मग भाता मारून बघा. टाचणी, ब्लेड अजिबात लावू नका, जीभ खरवडली गेली की स्वरच बदलतो. आणि रोज एकदा सगळ्या पट्ट्या दाबा, वाजवावंसं वाटत नसलं तरी. पाऊस तोंडावर आलाय. बंद राहिलेली पेटी दमट हवेत धरते, कसर आणि उंदीर भात्याला लागतात.

तबलजी मुलाला सांगा, पावसात पुडी (तबल्यावरचं चामडं) सैल पडून स्वर उतरला म्हणून हातोडीने गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकत सुटू नकोस. दमटपणा गेला की पुडी आपोआप चढते आणि आधीच ताणलेली असली तर फाटते. आत्ता नवीन पुडी बसवून मिळणंही अवघड आहे.

आणि एक मागणं आहे, सगळ्यांनाच. त्या मुलाचं मानधन थांबवू नका. आपण हौशी माणसं, आपला पगार चालू आहे. ज्यांच्या बोटांवर आपली हौस चालते त्यांचं सगळं मार्चमध्ये एका दिवसात थांबलं. मिरजेत माझ्या ओळखीचे एक तंबोऱ्याचे कारागीर आहेत. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, ते आणून ठेवलेत, पण गिऱ्हाईक नाही. मी माझ्या तंबोऱ्याच्या जवारीचे, म्हणजे तारांचा झंकार नीट करून घेण्याचे, पैसे त्यांना आत्ताच देऊन टाकले, काम होईल तेव्हा होईल. ते फोनवर काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः तार छेडून पाठवलेला आवाज आला.

घुमट, फोंडा
१९ मे, सकाळी ९.५०

आमच्याकडे गोव्यात सगळं चवथीवर, म्हणजे गणेशचतुर्थीवर. यंदा २२ ऑगस्टला आहे, वाडा एकत्र जमेल की नाही देव जाणे. घुमट आणि शामेळ ही चामड्याची वाद्यं आणि कांसाळें म्हणजे झांजा, असं तिन्ही मिळून आरती उभी राहते, एकट्याने ती होत नाही. म्हणून मी धाकट्या पुतण्याला शामेळ शिकवायला घेतलाय. घरातल्या घरात दोन वाद्यं तरी होतील. इतकी वर्षं तो मागे लागला होता, मला वेळ नव्हता.

टिपरू, पुणे
१९ मे, रात्री ९.००

ढोलपथकातला आहे. आमच्यासाठी घर हीच मोठी अडचण, ढोल काढायची सोयच नाही. जाड गादीच्या घडीवर टिपरू मारतो, रोज वीस मिनिटं, हात उतरू नये म्हणून. पथकातल्या नव्या मुलींना फोनवर बोल म्हणून दाखवतो, त्या परत म्हणतात. हाताआधी तोंडात बसायला हवं, ते या वर्षी नीट होतंय.

मध्यलय, पुणे
१९ मे, रात्री १०.१०

काकांचं राहिलं होतं. त्यांना नवा फोन घ्यायला लावू नका. साध्या फोनवरही कॉन्फरन्स कॉल होतो, तुम्ही सगळ्यांना जोडून घ्या. एका वेळी एकानेच गायचं, बाकीच्यांनी आवाज बंद करून ऐकायचं. जुन्या टेलिफोन पद्धतीत साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच पलीकडे पोचतं, त्यामुळे डग्ग्याची अपेक्षा ठेवू नका. काळी एकचा सा १३९ हर्ट्झच्या आसपास असतो, तोही खरं तर त्यातून जात नाही. पण त्याच स्वरात मिसळलेले वरचे स्वरांश जातात आणि उरलेला सा आपला कान भरून काढतो. काकांचा आवाज तुम्हाला पूर्ण ऐकू येईल.

पेटीवाली, डोंबिवली
१ जुलै २०२०, रात्री १०.२०

दीड महिन्याने लिहितेय, आधी सगळ्यांचे आभार.

कोमल नी बोलला. फळी काढली तर रीडखाली चक्क उदबत्तीच्या काडीचा कण होता. मार्चमध्ये सरस्वतीच्या फोटोपुढे लावलेली असणार.

तबलजीचं मानधन आम्ही पाच जणांनी वर्गणी काढून सुरू ठेवलं. तो घ्यायला तयार नव्हता, म्हणाला वाजवल्याशिवाय घेणार नाही. मग त्याला दर शनिवारी ठेका पाठवायला सांगितलं. आता तो मनात गात वाजवतो, मध्यलय म्हणाले तसं. पहिल्या तीन वेळा नाही जमलं. चौथ्यांदा त्याने अद्धा तालाचा ठेका पाठवला आणि मी कपडे न बदलता तशीच पेटीवर बसले.

काकांसाठी माझ्या जुन्या फोनमध्ये तंबोऱ्याचं ॲप टाकलं, त्यात सिमकार्डही नाही. त्यांच्या सोसायटीच्या दारावर वाण्याच्या पिशवीबरोबर ठेवून आले. वॉचमनने वर नेऊन दिला. बटण कुठलं दाबायचं ते मी खाली रस्त्यावरून हाका मारून सांगितलं, काका वर खिडकीत.

आज आषाढी. वारी निघालीच नाही, काल पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. दरवर्षी या दिवशी काका आमच्याकडे अभंग गायचे. कालपासून मनात होतं की यंदा त्यांना फोन तरी कसा करायचा. संध्याकाळी सातला त्यांनीच केला. म्हणाले, "सगळ्यांना जोड."

जोडलं. आधी नुसता तंबोरा आला. मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं फोन कटला. मग सा. थोडा थरथरला, पण लागला. पंचवीस मिनिटं गायले. मधे एकदा खोकला आला तेव्हा आम्ही पाचही जण आपापल्या घरी श्वास धरून बसलो होतो. औषधवाल्या दादांनी लगेच विचारलं, ताप आहे का? काका म्हणाले, "नाही रे, सवय गेली गायची."

उद्यापासून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक बंद लागतोय, १२ तारखेपर्यंत. शनिवारी साडेसहाला फोन ठरलाय. काकांनी मला सांगितलंय की या वेळी पेटी फोनच्या जवळ घे, गेल्या खेपेला लांब होती.