तीनदा युरोप जिंकलेला क्लब बुडाला, अन् आपण तालुक्याला पोरींचा क्लब काढायला निघालो!

पीटी_मास्तर
आमच्या तालुक्याच्या गावात (यवतमाळ जिल्हा) सध्या पानठेल्यापासून शाळा समितीपर्यंत एकच वाद चालू आहे, म्हणून इथे टाकतो. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर मुली हॅन्डबॉल खेळतात. मैदान मुरमाचं, रेषा फक्कीच्या, गोलपोस्ट वेल्डिंगवाल्याने पाइप जोडून दिलेले. मागच्या हंगामात पोरी विभागीयपर्यंत गेल्या. तेव्हापासून एका जिनिंगवाल्या शेठजींच्या डोक्यात क्लब शिरलाय. नागपूरहून तयार खेळाडू आणायच्या, त्यांना मानधन द्यायचं, जर्सीवर जिनिंगचं नाव टाकायचं आणि खुल्या स्पर्धा मारायच्या. गाव खूश आहे. मी नाही.

कारण विचाराल तर नॉर्वेकडे बघा. व्हायपर्स क्रिस्टियानसन नावाचा महिलांचा क्लब, दक्षिण किनाऱ्यावरच्या मध्यम शहरातला. 2021, 2022, 2023 अशी लागोपाठ तीन वर्षं युरोपची चॅम्पियन्स लीग त्यांची. देशातली लीग 2018 पासून 2024 पर्यंत सलग सात वेळा. ऑक्टोबर 2024 मध्ये तिजोरी रिकामी असल्याचं बाहेर आलं, धावपळ करून थोडी मदत उभी केली, आणि जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरी. हंगाम अर्ध्यावर, संघ स्पर्धेतून बाद, खेळाडू मिळेल त्या क्लबात. गोलकीपर काट्रिने लुंडे त्याच शहराची लेक. पॅरिसला वयाच्या 44व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली होती, आणि काही महिन्यांत घरचा क्लबच राहिला नाही.

जिथे शाळेपासून हॅन्डबॉल आहे तिथे हे होतं. मग एका जिनिंगच्या जिवावर आपला क्लब किती वर्षं चालणार? पैसा असेल तर प्रशिक्षकावर आणि लहान मुलींवर लावा. विकतच्या खेळाडू नकोत.

कापूसकोंड्या
मास्तर, तुमी बुडालेला क्लब पायता, मी तीन वर्ष जिंकलेला पायतो! विकतच्या पोरी नसत्या तर तुमाले त्या गावाचं नाव तरी ठाऊक असतं का? नोरा मर्कसारखी नामी हॅन्डबॉल खेळाडू तिथं आली ते काय हवापाण्यासाठी? पैशासाठीच आली ना. अन् तिले पाहून त्या गावातल्या किती पोट्ट्यांनी चेंडू हाती घेतला असंल, ते कोन मोजलं?

आपल्या इकडं शंकरपटाले बक्षीस लावताना कोनी विचारत नाही का पुढच्या वर्षी पैसा कुठून येईन. गणपतीची वर्गणी कोनी पाच वर्षाचा हिशेब मांडून देत नाही. पोरींसाठी कोनी खिसा उघडला का मात्र लगेच नॉर्वे, दिवाळखोरी, अमुकतमुक. शेठ देऊन रायला तर घ्या ना बाप्पा.

हिशेबनीस
कोंड्याभाऊ, खिसा उघडतोय म्हणून आनंद आहेच, पण खर्चाचा आकडा आधी ठरतो आणि जमेचा नंतर, तिथे घोळ होतो. माझा धंदा वह्या तपासायचा आहे, म्हणून त्या बाजूने सांगतो.

फुटबॉलच्या मोठ्या क्लबांना टीव्हीचा पैसा येतो. महिला हॅन्डबॉलमध्ये तो फारच थोडा. सगळा भार प्रायोजकांवर आणि तिकिटावर. व्हायपर्सचं घरचं सभागृह साधारण दोन हजार माणसांचं. 2023 ची फायनल बुडापेस्टला वीस हजारांवर लोकांसमोर झाली, पण ते काही त्यांच्या घरचं मैदान नव्हे. घरी दोन हजार खुर्च्या आणि पगार मात्र युरोपातल्या सगळ्यात भारी खेळाडूंचे. करार आधी सही होतात, प्रायोजकाचा चेक नंतर येतो. एखादा चेक आलाच नाही की संपलं.

आणि हे एकट्या नॉर्वेत नाही. जर्मनीत लाइपझिग, सहा वेळचा राष्ट्रीय विजेता, 2017 मध्ये लीगचा परवाना गेला आणि थेट तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये. लुडविग्सबुर्ग 2025 मध्ये जर्मनीचा विजेता झाला आणि त्याच उन्हाळ्यात दिवाळखोरीत गेला. म्हणजे ट्रॉफी कपाटात आणि कुलूप दाराला. जिंकणं हा काही उत्पन्नाचा मार्ग नाही. उलट जिंकलं की पुढच्या वर्षी खेळाडू पगार वाढवून मागतात, आणि त्यांचं चूकही नाही.

डावी_विंगर
मी याच मैदानावर खेळलेली आहे, म्हणून मला बोलू द्या.

विंगवरून, म्हणजे मैदानाच्या कडेवरून, गोलपुढच्या सहा मीटरच्या रेषेच्या आत झेप घ्यायची, हवेत असतानाच चेंडू सोडायचा आणि मग अंग टाकायचं, असा तो शॉट असतो. मुरमावर अंग टाकलं की कोपराची साल निघते. म्हणून आम्ही सगळ्या जणी उभ्यानेच मारायला शिकलो. विभागीयला इनडोअर कोर्टवर गेलो तर समोरच्या मुली पाखरासारख्या उडत होत्या आणि आमच्या शॉटला कोनच मिळत नव्हता. त्यांची गोलकीपर नुसती एक पाय बाहेर काढून उभी राहायची, तेवढ्यात काम व्हायचं. ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण शिकवणाऱ्याने ते स्वतः कधी केलेलं नव्हतं. (मास्तर, राग नका मानू.)

त्यामुळे नागपूरच्या दोन खेळाडू आल्या तर मला आनंदच आहे. आमच्यासोबत रोज खेळल्या तर त्याच आमच्या प्रशिक्षक.

दुसरं. तुम्ही सगळे म्हणता क्लब बुडाला तर काय. अहो, बारावी झाली की आमचा खेळ तसाही बुडतोच. कुणी तूर सोंगायला जाते, कुणी डी.एड.ला, बहुतेकींचं लग्न. नॉर्वेच्या मुलींचा पगार अर्ध्या हंगामात थांबला, ते वाईटच. पण त्याआधी पगार होता! मी इतकी वर्षं खेळले, मला एस.टी.चं भाडंसुद्धा घरून मागावं लागलं. दोनच वर्षं टिकणारा क्लब द्या. दोन वर्षं तर दोन वर्षं.

रामराम_पाटील
पोरींनी खेळावं, नाही कोण म्हणतं. पण शाळेपर्यंत ठीक आहे. गावोगाव सामने, मुक्काम, ते आखूड कपडे… घरच्यांना उद्या सोयरीक जुळवायची असते. याचाही विचार करा.

डावी_विंगर
काका, कपड्यांचा प्रश्न नॉर्वेच्या मुलींनाही आला होता, तुमच्या उलट बाजूने. 2021 मध्ये बीच हॅन्डबॉलच्या युरोपियन स्पर्धेत त्यांनी बिकिनी घालायला नकार दिला आणि शॉर्ट्स घातल्या, तर युरोपियन महासंघाने 1500 युरो दंड ठोकला. इतका आरडाओरडा झाला की त्याच वर्षी जागतिक महासंघाला नियम बदलावा लागला. म्हणजे तिकडे जास्त झाकलं म्हणून दंड, इकडे कमी झाकलं म्हणून सोयरीक मोडते. आम्ही ट्रॅकपँटवर खेळतो, तुम्ही सामना बघायला आलात तर दिसेल.

कापूसकोंड्या
हाव ना काका, या एकदा. खुर्ची मी देतो.

बुलढाण्याचा_प्रवासी
नॉर्वे लांब आहे हो, हिमाचलात बघा. बिलासपूर जिल्ह्यातलं मोरसिंघी, डोंगरातलं खेडं. स्नेहलता नावाच्या प्रशिक्षिकेने तिथे मुलींची हॅन्डबॉल नर्सरी (प्रशिक्षण केंद्र) उभी केली आणि त्या खेड्यातून भारताच्या संघात मुली गेल्या. 2022 मध्ये अल्माटीला भारताच्या ज्युनियर मुलींनी आशियाई विजेतेपद घेतलं, त्या संघातही हिमाचलच्या मुली होत्या. ना क्लब, ना विकतच्या खेळाडू. एक जाणती बाई आणि रोजचा सराव. मास्तर म्हणतात ते हेच असावं.

आणि देशात व्यावसायिक लीग निघाली ती आधी पुरुषांची, 2023 मध्ये जयपूरला. महाराष्ट्राचाच संघ जिंकला. किती जणांना आठवतं?

हिशेबनीस
मोरसिंघीचं पटलं. फक्त "एक जाणती बाई" हाही एकखांबी तंबूच झाला. तिची बदली झाली किंवा ती थकली, की?

हंगेरीवाल्यांनी याच्यावर उपाय काढला. 2011 पासून तिथे कंपन्यांना आपल्या कराचा काही भाग ठरावीक सांघिक खेळांच्या क्लबांकडे वळवता येतो, त्यात हॅन्डबॉल आहे. ग्योरचा महिला संघ 2024 आणि 2025 मध्ये परत युरोप जिंकला, त्याच्यामागे मोठा प्रायोजक आहेच, पण हा आधारही आहे.

आपल्याकडे अगदी तसं नाही. पण कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सीएसआरसाठी (कंपन्यांनी समाजाच्या कामावर करायचा खर्च) ग्रामीण खेळ आणि ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण बसतं. हॅन्डबॉल ऑलिंपिकमध्ये आहे, महिलांचा 1976 पासून. वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या, सिमेंटच्या कंपन्या कमी आहेत का? मात्र एक अट नीट वाचा: तो पैसा प्रशिक्षणाला चालतो, जर्सीवर नाव टाकून जाहिरात करायला चालत नाही. म्हणजे प्रशिक्षक, मॅट, चेंडू, प्रवास हे सीएसआरमधून मागा, आणि शेठजींचा पैसा मानधनाला ठेवा. दोन खिसे, दोन वह्या.

पीटी_मास्तर
राग कशाचा, विंगर म्हणते ते खरंच आहे, मी खो-खोचा माणूस. पण म्हणूनच म्हणतो की शिकवणारा हवा. बाहेरच्या खेळाडू स्पर्धेच्या आधी आठ दिवस येतील, बक्षीस घेऊन जातील, आणि आमच्या पोरी बाकावर बसून टाळ्या वाजवतील. कबड्डीच्या खुल्या सामन्यांत हेच होतं की नाही? गावाच्या नावाची बनियन आणि आतला गडी तिसऱ्याच जिल्ह्याचा.

नॉर्वेचंच पुन्हा घ्या. व्हायपर्स बुडायच्या महिनाभर आधी, डिसेंबर 2024 मध्ये, त्यांचा राष्ट्रीय संघ युरोपियन स्पर्धा जिंकला होता. क्लब गेला तरी खेळ उभा आहे, कारण गावोगाव लहान मुली खेळतात. आपल्याकडे क्लब गेला की मागे काय उरेल? दोन गोलपोस्ट.

कापूसकोंड्या
मंग तशी अटच टाका ना! बाहेरच्या पोरींनी हंगामभर इथं राहायचं, आठवड्यातून तीन दिवस शाळेच्या पोट्ट्यांले शिकवायचं, तरच मानधन. अन् मैदानावर एका वेळी बाहेरच्या दोनच, बाकी पाच आपल्या. शेठले मी सांगतो, माह्या कापसाची गाडी त्याच्याच जिनिंगले जाते. पण क्लबच नको म्हनसान तर मी ऐकनार नाही.

पीटी_मास्तर
कागदावर लिहून दिलं तर बघू. तोंडी नको. आणि वर्षाचं मानधन आधी बँकेत टाकायचं, मग खेळाडू आणायच्या.

हिशेबनीस
बँकेत टाकायचं तर नोंदणीकृत संस्था लागेल, शेठजींच्या नावचं खातं चालणार नाही. घटना आणि ठरावाचा मसुदा मी करून देतो, फुकट. समितीत खेळाडूंपैकी किती जणी घेताय ते कळवा.

डावी_विंगर
निम्म्या. आणि बैठक संध्याकाळी सातला ठेवू नका, तेव्हा पोरी स्वयंपाकाला लागलेल्या असतात. रविवारी सकाळी सरावानंतर ठेवा.